चिक्की-चानचं पदार्पण

लोकांनी मला लसूण म्हटलं तर माझं काही म्हणणं नाही. पण मी मोदक होतो, एवढं एकदा कुठेतरी छापून यायला हवं. आमच्या ट्रॉय गावात, म्हणजे डेट्रॉइटच्या वरच्या अंगाला, इंडियन ग्रोसरीच्या रांगेत उभा राहिलो की लहान मुलं आईचा हात ओढून सांगतात, 'लुक, गार्लिक अंकल.' मी गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या एका जपानी कंपनीत सीनियर इंजिनिअर आहे. सीटच्या आत जो फोम असतो, तो माझ्या सहीशिवाय कारखान्याबाहेर पडत नाही. आज मिशिगनमध्ये कितीतरी माणसं माझ्या भरवशावर बसलेली आहेत. अशा माणसाचा लसूण कसा होतो, ते सांगतो.

आमची वल्लरी हायस्कूलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मुळात कमी बोलणारी मुलगी, आणि जे बोलते ते इंग्रजीत. मराठी ती फक्त भूक लागल्यावर वापरते. शाळेत तिला मैत्रीण एकच, मिओ. मिओ ही आमच्याच कंपनीतल्या हयाशी-सान यांची मुलगी. सान म्हणजे आपलं राव. या दोघी एकत्र बसल्या की वल्लरी इतकी बडबडते की ही आपलीच का, असा प्रश्न पडतो. तर या हयाशी-सानांची अमेरिकेतली मुदत संपली आणि जूनमध्ये शाळा सुटली की सगळ्या कुटुंबानं नागोयाला परत जायचं ठरलं. त्या दिवशी वल्लरी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं जाहीर केलं की ती आणि मिओ 'डेब्यू' करणार आहेत.

आमच्यात डेब्यू फक्त क्रिकेटमध्ये करतात आणि त्याच्या आधी रणजी खेळावी लागते, हे मी तिला शांतपणे समजावलं. तिनं डोळे फिरवले. "बाबा, इट्स अ जे-पॉप थिंग. जॅपनीज पॉप. फर्स्ट यू ड्रॉप अ डेब्यू सिंगल. विथ अ म्युझिक व्हिडिओ. मिओ जायच्या आधी. आफ्टर दॅट देअर इज नो ग्रुप."

शेवटचं वाक्य ती हळू बोलली. 'जायच्या आधी' तर चक्क मराठीत म्हणाली. मी लगेच होकार दिला.

ग्रुपचं नाव 'चिक्की-चान'. मिओला आमच्याकडची शेंगदाण्याची चिक्की प्राणापेक्षा प्रिय, म्हणून चिक्की. आणि चान हे जपानीत लाडानं लावतात. गाणं दोघींनी आमच्या बेसमेंटमध्ये कोटांच्या कपाटात बसून स्वतःच रेकॉर्ड केलं होतं. नाव आणि शब्द डेब्यूपर्यंत गुप्त. राहिला होता व्हिडिओ, आणि तो म्हणे 'कवाई' हवा होता. मी 'कवायत' ऐकलं. मला शाळेतली पांढरी पँट, लेझीम आणि पाटील सरांची शिट्टी आठवली आणि मी म्हटलं, उत्तम, व्यायामही होईल. कवाई म्हणजे गोड, गोंडस. सगळं गुलाबी, ढगांना गाल, फळांना डोळे. जपानी कंपनीत इतकी वर्षं काढून मला हा शब्द माहीत नव्हता, याबद्दल मिओनं खूप आदरानं आश्चर्य व्यक्त केलं. आता आमच्या कंपनीत जे जपानी शिकवतात ते सगळं कारखान्याचं. माल कमी ठेवा, वाया घालवू नका, रोज सुधारा. या भाषेत गालांना आणि ढगांना शब्द असतात हे कोणी सांगायचं?

"द लिरिक्स आर इन थ्री लँग्वेजेस," एवढं एक वल्लरीनं फोडलं. "इंग्लिश, जॅपनीज अँड मराठी."

मराठी हा शब्द ऐकून सुवर्णानं, म्हणजे माझ्या बायकोनं, तव्यावरची पोळी करपू दिली.

सुवर्णाबद्दल एक सांगायला हवं. जानेवारीत ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसताना तिच्या पाठीत जी उसण भरली, ती काही जायला तयार नाही. तेव्हापासून जमिनीवर पडलेली वस्तू ती पायाच्या अंगठ्यानं उचलते. डिशवॉशरचा खालचा कप्पा लावताना तर अशी वाकते की बघणाऱ्यानं डोळे मिटावेत. (मी लावतो म्हटलं तर म्हणते, तू पेले उलटे ठेवतोस.) तर त्याच आठवड्यात आम्ही दोघं बेसमेंटच्या बंद दाराशी लाँड्रीची बास्केट घेऊन उभे होतो आणि आतून गाण्याचं धृपद आलं. दोन कोवळे आवाज, आणि शब्द अगदी स्वच्छ:

"आई, वाकू नको नी... आई, वाकू नको नी..."

सुवर्णा तिथेच जिन्याच्या पायरीवर बसली. बास्केट माझ्या हातात राहिली. "ऐकलंस?" ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "मला वाटायचं, ही घरात मान वर करून बघतसुद्धा नाही."

मलाही भरून आलं. खोटं कशाला बोलू. 'नी' जरा खटकला, पण आपली मुलगी अमेरिकेत वाढून खानदेशी वळणाचं मराठी लिहिते, म्हणजे हे रक्तातच असणार, असं मी स्वतःला पटवलं. माझी आत्या जळगावला दिलेली आहे.

त्या दिवसापासून सुवर्णा या व्हिडिओची निर्माती झाली. आणि तिनं उल्काकाकूंना फोन केल्यामुळे गोष्ट त्यांच्या यजमानांच्या, अनिलकाकांच्या, कानावर गेली. अनिलकाका म्हणजे आमच्या इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. मोटार कंपनीतून निवृत्त झाल्यापासून ते पूर्ण वेळ सल्ला देतात. ते फोल्डिंगची खुर्ची गाडीतच ठेवतात. कुठे काही चाललेलं दिसलं की खुर्ची उघडून बसतात. "सत्यजित, मी सांगतो तुला," ते आमच्या ड्राइव्हवेवर बसून म्हणाले, "हे साधं गाणं नाही. आयुष्यभर वाकून राबणाऱ्या स्त्रीला पुढची पिढी म्हणतेय, वाकू नको. यात पाठ आहे आणि पाठीचा कणाही आहे." मंडळाचा मातृगौरव सोहळा जूनच्या शेवटच्या रविवारी होता. त्यात हा व्हिडिओ दाखवायचा, हे त्यांनी खुर्ची मिटेपर्यंत ठरवून टाकलं. मिओचं विमान सोमवारी सकाळी. मुलींना तारीख एकदम पसंत पडली. डेब्यूला पडदा आणि पब्लिक आयतं मिळत होतं. कार्यक्रमाच्या नावाशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं.

कॅमेरामन मी. पानगळीचे रंग टिपायला मी एक महागडा कॅमेरा घेऊन ठेवला होता, तो अखेर कामाला येणार होता. मागे गुलाबी रंग हवा, म्हणून गॅरेजचं दार गुलाबी रंगवावं असं मी सुचवलं आणि इथून अडचणींना सुरुवात झाली.

आमच्या वस्तीला एचओए आहे. म्हणजे आपल्याकडची सोसायटीची कमिटी, फक्त इथे ती चहा विचारत नाही. तिच्या डेबोराबाईंनी मला मंजूर रंगांचं कार्ड दाखवलं: वाळू, गहू, ओटमील आणि 'संध्याकाळचं मश्रूम'. चारही रंग मला सारखेच दिसले. गुलाबी हवा असेल तर वास्तुसमितीकडे अर्ज करा, म्हणाल्या, समिती सप्टेंबरमध्ये बसते. मी म्हटलं, एका दिवसापुरता हवाय. त्या म्हणाल्या, एका दिवसाचा अर्ज वेगळा असतो आणि तो घेणारी समिती अजून नेमलेली नाही.

मग सुवर्णानं तोडगा काढला. दार रंगवायचं नाही, झाकायचं. तिची राणी रंगाची पैठणी, उल्काकाकूंच्या दोन गुलाबी नारायणपेठी आणि शेजारणींच्या शिफॉन अशा सगळ्या आम्ही गॅरेजच्या दारावर चिमट्यांनी लावल्या. अनिलकाका खुर्चीतून "वारा सुटेल, मी सांगतो तुला" म्हणत होते, तेवढ्यात वारा सुटला. एक शिफॉन समोरच्यांच्या मेलबॉक्सला गुंडाळली. पाठोपाठ डेबोराबाई आल्या. घराच्या दर्शनी भागावर कपडे वाळत घालायला मनाई आहे, म्हणाल्या.

मला हे लागलं. पैठणी कोणी धुऊन वाळत घालतं का? मी ताठ उभं राहून त्यांना सांगितलं, बाई, हे रेशीम आहे, हे फक्त ड्राय-क्लीन होतं. त्या म्हणाल्या, मग वाळत का घातलंय? आम्ही पैठणी उतरवली.

त्या दिवशी वाऱ्याच्या आधी जेवढं शूटिंग झालं होतं, ते मुलींनी लॅपटॉपवर पाहिलं. प्रत्येक शॉटमध्ये गॅरेजच्या बाजूचं मेपलचं झाड पानापानानं दिसत होतं आणि पुढे धुक्याचे दोन गुलाबी गोळे हलत होते. दोघींनी तेच दोनतीन वेळा मागे नेऊन पाहिलं. शेवटी वल्लरी म्हणाली, "बाबा, यू आर, लाइक, रिअली गुड ॲट ट्रीज." मिओनं मान झुकवून "ट्रीज, व्हेरी ब्यूटिफुल" असं अनुमोदन दिलं. शूटिंग यापुढे मिओच्या फोनवर होईल असं मला कळवण्यात आलं. ज्या माणसाच्या सहीनं फोम बाहेर पडतो, त्याला असं बाजूला काढलं.

पण अनिलकाकांना नवीन कल्पना सुचली. मातृगौरवासाठी मंडळानं शाळेचं सभागृह घेतलं होतं. आदल्या दिवशी, म्हणजे शनिवारी, ते तालमीसाठी आपल्याच ताब्यात. शूटिंग तिथेच करा. अट एकच, व्हिडिओत आपली संस्कृती थोडी दिसली पाहिजे. जपानी व्हिडिओत एखादं गलेलठ्ठ बाहुलं नाचत असतं, ते त्यांनी नातीच्या आयपॅडवर पाहिलं होतं. "आपला मोदक नाचू दे. कळ्या बघ, पोट बघ. मोदकाहून गोंडस काय आहे?"

आणि मोदकाच्या आत कोण शिरणार, यावर मतदान घ्यायचीही गरज पडली नाही. "तुझ्याकडे फोम आहे," सुवर्णा म्हणाली.

मोदकासाठी मी कंपनीतून परीक्षेत नापास झालेला फोम रीतसर परवानगी काढून आणला. कळ्या कापल्या, शेंडी काढली, वरून पांढरी चादर शिवली. मोठे डोळे लावले, गालांवर गुलाबी गोल. पोशाख चढवून मी जिन्यावरून खाली आलो, तेव्हा आपण काहीतरी शुभ दिसतोय अशी माझी समजूत होती. मिओनं दोन्ही हात तोंडावर नेले. "सो क्यूट. निन्निकु?"

वल्लरी हसता हसता सोफ्यावर आडवी झाली. निन्निकु म्हणजे लसूण. मी मोदक आहे, गणपतीबाप्पाचा नैवेद्य आहे, हे मी आतून ओरडून सांगितलं, पण फोम आवाज शोषतो. त्याची चाचणी मीच घेतलेली आहे. "नो नो, गार्लिक इज वे क्यूटर," वल्लरी म्हणाली आणि माझं नाव निन-निन पडलं. सुवर्णाकडे पाहिलं, तर ती पोट धरून हसत होती. कितीतरी दिवसांनी ती पाठ विसरून हसली होती, म्हणून मी पुढे बोललो नाही.

शनिवारी सभागृहात गेलो तर शाळेचे नियम दारावरच लावलेले. भिंतीला चिकटपट्टी नको, चमकी नको आणि, कुणाला ॲलर्जी असेल म्हणून, इमारतीत शेंगदाणा नको. चिक्की-चानचा डेब्यू आणि चिक्कीला प्रवेशबंदी. उल्काकाकूंनी बनवून आणलेला डबा गाडीत ठेवावा लागला, आणि उरलेल्या फोमच्या चौकोनी वड्या कापून मी त्यावर ब्राउन मार्करनं दाणे काढत बसलो. एरवी मात्र रंग काय जमला होता. साड्या मागच्या पडद्याला लावल्या होत्या, कागदी ढगांना डोळे होते, फुगे होते. मुलींनी गुलाबी परकर-पोलक्यांना जपानी कॉलरी शिवल्या होत्या आणि केसांत पेढ्याएवढ्या रिबिनी. दोघी इतक्या आनंदात होत्या की उद्या नाही तर परवा यांना एकमेकींना सोडायचंय, हे बघणाऱ्याला खरं वाटू नये.

आणि मग अनिलकाकांनी शिट्टी वाजवली. विंगेतून मंडळाच्या दहाबारा बायका डॉलर स्टोअरचे झाडू घेऊन, कमरेत वाकून, हळूहळू स्टेजवर आल्या. ही अनिलकाकांची स्वतःची नृत्यरचना होती. धृपद आलं की मुलींनी एकेकीला खांदा धरून सरळ करायचं. सुवर्णा पदराच्या पिना तोंडात धरून रांग नीट करत होती.

वल्लरीनं गाणं थांबवलं. "वाय आर ऑल द आंटीज बेंडिंग?"

"बेटा, तुझंच गाणं आहे," अनिलकाका कौतुकानं म्हणाले. "आई, वाकू नको नी."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग मिओ अगदी हळू, जणू तिचंच काही चुकलं असावं अशा आवाजात म्हणाली, "आई वा कोको नी. लव्ह इज हिअर."

"काका, इट्स जॅपनीज," वल्लरी म्हणाली. "आई मीन्स लव्ह. कोको नी म्हणजे इथे. लाइक, ती तिकडे गेली तरी... इट्स स्टिल हिअर. इट्स अबाउट अस."

"पण मराठी?" मी लसणाच्या आतून विचारलं. "मराठी आहे म्हणाली होतीस ना?"

"आहे ना. 'चिक्की चिक्की, गोड गोड चिक्की.' सेकंड व्हर्स."

मी सुवर्णाकडे पाहिलं. तिनं तोंडातली एक पीन काढून उल्काकाकूंच्या पदराला लावली, मग दुसरी काढली. "हो का," एवढंच म्हणाली. मला फार वाईट वाटलं. त्या जिन्यावरच्या पायरीपासून ती या एका ओळीवर उड्या मारत होती, आणि ती ओळ तिची नव्हतीच. वल्लरीच्याही लक्षात आलं असावं. ती आईकडे बघत राहिली.

अनिलकाका खुर्चीत बसले. "म्हणजे हे प्रेमगीत आहे? मातृगौरवात प्रेमगीत? मी पाठीच्या कण्यावर भाषण तयार केलंय. सत्यजित, मी सांगतो तुला, हे बसत नाही. लोक काय म्हणतील? कॅन्सल करू आपण." बायकांनी झाडू खाली ठेवले आणि पर्स शोधू लागल्या. वल्लरी भांडेल असं मला वाटलं होतं. ती भांडली नाही. ती स्टेजच्या कडेला गेली आणि एकेक ढग काढायला लागली. मिओ तिच्या शेजारी उभी राहून काढलेले ढग हातात घेत होती. उद्याच्यानंतर या दोघींजवळ दुसरा दिवस नव्हता, आणि मी दोन्ही हात फोममध्ये अडकलेल्या अवस्थेत काहीएक करू शकत नव्हतो.

सुवर्णानं उरलेल्या पिना मुठीत घेतल्या. "अनिलकाका," ती म्हणाली, "जपानी लोक प्रेमाला आई म्हणतात. यात तुमच्या कार्यक्रमाच्या विरुद्ध काय आहे, तेवढं मला सांगा."

"अगं, पण तो कणा..."

"पाठ माझी आहे आणि मला चालतंय. वल्लरी, ते ढग परत लाव. आणि काकू, पर्स ठेवा बाजूला. हात वर करून नाचायचंय, त्यात कोणाचं काय दुखतं बघू."

अनिलकाकांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मंडळाच्या इतिहासात हे प्रथमच घडलं, असं उल्काकाकू मला नंतर म्हणाल्या.

मग जे झालं त्याला शूटिंग म्हणणं धाडसाचं आहे. बायकांना हात वर करायचं सांगितलं की त्या गरबा करायच्या. मिओ प्रत्येकीसमोर झुकून "व्हेरी गुड, वन मोअर" म्हणायची आणि तेवढ्या बोलण्यावर त्या पुन्हा नाचायला तयार व्हायच्या. धृपद इतक्या वेळा वाजलं की सगळ्यांना पाठ झालं, अर्थातच आपापल्या परीनं. मला एका जागी उभं राहून डोलायचं होतं. फोमच्या चिक्क्या हवेत उडवल्या, त्यातली एक माझ्या डोळ्याच्या भोकात बसली, मी अंधारात एक पाऊल मागे घेतलं आणि स्टेजवरून फुग्यांच्या ढिगात गेलो. लागलं नाही. फोम उत्तम होता. त्याला नापास करणाऱ्याचंच चुकलं होतं, म्हणजे माझं. मला उठवायला चौघी जणी लागल्या आणि वल्लरीनं ते सगळं व्हिडिओत ठेवलं.

घरी येताना मुली मागच्या सीटवर फोनमध्ये डोकं घालून एडिटिंग करत होत्या. सुवर्णा खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मला वाटलं होतं, तिला माझी पाठ दिसली." मी म्हटलं, "अगं, मुलं आहेत." ती म्हणाली, "माहीत आहे रे. तरी वाटलं होतं."

रविवारी सभागृह भरलं. व्हिडिओतला लसूण दारात उभा करून मुलांचं स्वागत करायचं, हा हुकूम अनिलकाकांचा. भाषण कापावं लागल्याचा राग कोणावर तरी निघायलाच हवा होता. पहिल्या रांगेत हयाशी-सान सूट घालून बसले होते, शेजारी त्यांची बायको. सभागृहातले दिवे मालवले. पडद्यावर गुलाबी ढग आले, त्यांनी डोळे मिचकावले, चिक्की-चान अशी अक्षरं उमटली, दोघी नाचायला लागल्या, आणि आवाज आलाच नाही.

साउंड बघणारा शंतनू वायरी काढत होता आणि घालत होता. "कनेक्ट होत नाहीये, यार," त्याचा आवाज मात्र सगळ्या सभागृहाला ऐकू आला. पडद्यावर मी निःशब्दपणे फुग्यांत पडलो. कोणीतरी हसलं, कोणी खोकलं. मी दारातून वल्लरीला शोधलं. ती विंगेत उभी होती आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता. ही मुलगी वर्गात हात वर करत नाही. मला वाटलं, संपलं. यांचा डेब्यू असा मुका होऊन जाणार आणि उद्या ती दुसरी निघून जाणार.

तेवढ्यात मिओ स्टेजवर आली. माइक नाही, काही नाही. बारीक आवाजात तिनं पहिलं कडवं म्हणायला सुरुवात केली आणि विंगेकडे हात पुढे केला. वल्लरी हलली नाही. मिओ गात राहिली, हात तसाच. मग वल्लरी आली. आधी नुसतीच शेजारी उभी राहिली आणि मग, तिच्या बापालाही माहीत नसलेल्या आवाजात, गायला लागली. धृपद आलं आणि माझ्या डावीकडून, उजवीकडून, साड्यांच्या सगळ्या रांगांमधून कालच्या बायका एकदम उठल्या. त्यांना एकच पाठ होतं.

"आई, वाकू नको नी, आई, वाकू नको नी."

स्टेजवर जपानी, खाली मराठी, चाल एकच. मिओ हसायला लागली. वल्लरीनं समोर पाहिलं. आई तिसऱ्या रांगेत होती, हात वर करून उभी, पाठ एका बाजूला कललेली. दुसऱ्यांदा धृपद आलं तेव्हा वल्लरीनं जपानी सोडलं आणि अगदी स्पष्ट मराठीत, आईकडे बघत, म्हटलं: वाकू नको नी. मिओनंही तिच्या मागोमाग तेच म्हटलं, तिच्या उच्चारात. सुवर्णा खाली बसली आणि तिनं पदर तोंडाला लावला. मी रडलो की नाही हे कोणाला कळलं नसणार. लसणाचा एवढा एक फायदा झाला.

कार्यक्रम संपला, फोटो झाले, अनिलकाकांनी "माझी कल्पना होती" असं सगळ्यांना सांगून झालं. पार्किंग लॉट रिकामा होत आला. हयाशी-सानांनी गाडी सुरू केली होती. घरी जाऊन त्यांना बॅगा बंद करायच्या होत्या, पहाटे विमानतळ गाठायचं होतं. त्यांच्या गाडीच्या उघड्या दाराशी दोघी मुली उभ्या होत्या, त्याच परकरांत, त्याच रिबिनी लावून. दोघींनी एकमेकींचे हात धरले होते.

मी फुटपाथच्या कडेला टेकलो होतो. लसूण घालून आमच्या गाडीत बसता येत नाही आणि चेन मागे अडकली होती. हयाशी-सान घड्याळाचे पक्के आहेत. मीटिंगची वेळ संपली की समोरच्याचं वाक्य अर्धं असतानाही ते उठून जातात. त्यांनी आरशातून मागे पाहिलं. मग इंजिन बंद केलं. खाली उतरले, सुटाची पर्वा न करता माझ्या शेजारी फुटपाथवर येऊन बसले आणि चष्मा काढून रुमालानं पुसायला लागले. तो पुसून झाल्यावरही त्यांनी लगेच घातला नाही.

आम्ही दोघं बाप बराच वेळ तसेच बसून राहिलो, आणि मुलींना हाक काही दोघांपैकी कोणीच मारली नाही.